मे महिन्यात लॉनवर लग्न: ऊन, वळीव आणि वीज यांचा हिशेब आधी कसा मांडायचा

उघड्या लॉनवर कार्य काढणाऱ्या घरांना पावसाची काळजी नसते असं अजिबात नाही. ताडपत्री सांगून ठेवलेली असते, जनरेटर सांगितलेला असतो, शेजारच्या शाळेचा हॉलही कुणीतरी बोलून ठेवलेला असतो. गाडी अडते ती पुढे. हॉलमध्ये जायचं ते कशावरून ठरवायचं, किती वाजता ठरवायचं आणि कोणी ठरवायचं, हे कुणीच बोललेलं नसतं. मग आभाळ भरून आल्यावर मांडवात सहा जण सहा मतं देतात. "अजून अर्धा तास बघू" हे सातवं मत जिंकतं आणि त्या अर्ध्या तासात वारा सुटतो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. उदाहरण म्हणून मे महिन्याचा तिसरा आठवडा, गावाबाहेरचं लॉन, ६०० पाहुणे आणि संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांचा गोरज मुहूर्त असं कार्य धरलं आहे. मुंज, वास्तुशांत, शाळेचं संमेलन किंवा मंडळाचा कार्यक्रम असला तरी हाच क्रम चालतो.

## टप्पा १: तारीख आणि वेळ धरण्याआधी

पहिली चूक इथेच होते. "पाऊस जूनमध्ये येतो, आपण मेमध्ये उरकू" हा हिशेब सरासरीवर उभा आहे. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजी. दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन तारखांमध्ये एक महिन्याचा फरक आहे. तेव्हा तारीख धरताना सरासरीइतकंच, ती किती मागेपुढे होऊ शकते हेही बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यातलं कार्य कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात असेल, तर ते पावसाळी कार्य धरूनच आखा.

वळीव ही वेगळी गोष्ट आहे. त्याला मान्सूनची तारीख लागत नाही. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळच्या सुमारास वारा, विजा, पाऊस, कधी गारा असं सगळं एकदम येतं. मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे नेहमीचंच. म्हणजे गोरज मुहूर्ताची वेळ आणि वळवाची वेळ जवळजवळ एकच. मुहूर्त धरताना ही गोष्ट कुणी गुरुजींसमोर काढत नाही, आणि ती काढायला हवी.

दुपारचा मुहूर्त घेतला की पावसाऐवजी ऊन समोर येतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून ३८ अंशही जिवावर उठतात.

तपासा: हॉल-लॉन ठरवण्याआधी गुरुजींकडून त्या दिवसाचे सगळे मुहूर्त लिहून घ्या. सकाळी दहा-साडेदहाचा मुहूर्त मिळत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, तो घ्या. पुढच्या अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

## टप्पा २: जागेवर जाऊन धोके लिहून काढा

लॉन बघायला लोक रविवारी सकाळी जातात. कार्य ज्या वेळी असेल त्याच वेळी जा, आणि हातात वही घेऊन सगळीकडे फिरा. पाणी कुठे साचेल? वीज कुठून येते? पार्किंगची जमीन मुरमाची की काळ्या मातीची? बाहेर पडायचे रस्ते किती, आणि त्यातला एखादा कार्याच्या दिवशी बुफेच्या टेबलांनी अडणार आहे का? स्वयंपाकाची जागा आणि गॅसचे सिलिंडर मांडवापासून किती लांब आहेत? मंडपाजवळ जुनं झाड किंवा मोठा फलक आहे का? घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळी वाऱ्यात फलक कोसळून १७ माणसं गेली, तीही वळवाचीच वेळ होती.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे नुकसान भरून येण्यासारखं आहे का?

जेवण वाया जाणं, फोटो बिघडणं, सजावट भिजणं, विधी तासभर लांबणं, हे भरून येतं. माणसाला शॉक बसणं, कमान अंगावर पडणं, म्हाताऱ्या माणसाला ऊन लागणं, अन्नातून विषबाधा होणं, हे येत नाही. या दोन गटांचा हिशेब वेगवेगळा करायचा असतो.

भरून येणाऱ्या नुकसानाला पैशांचा हिशेब चालतो. समजा, छत पावसाला टिकेल असं करून घ्यायला ६०,००० रुपये जास्त लागतात. पाऊस येण्याची शक्यता पाचात एक, आणि आलाच तर नुकसान २ लाखांचं. पाचात एक म्हणजे सरासरी ४०,००० रुपये. कागदावर ६०,००० खर्च करणं तोट्याचं दिसतं. पण ही सरासरी लॉनवाल्याची आहे. त्याच्याकडे वर्षभर कार्यं होतात, एकातलं नुकसान दुसऱ्यात निघतं. तुमच्याकडे कार्य एकच आहे. तुमच्यासाठी प्रश्न असा: २ लाखांचा फटका एकरकमी बसला तर घराला झेपेल का? झेपत असेल तर छतावर खर्च करू नका, हॉलचा पर्याय ठेवा. झेपत नसेल तर ६०,००० द्या आणि पाऊस पडला नाही म्हणून नंतर हळहळू नका.

सावधान: न भरून येणाऱ्या गटाला हा गुणाकार लावू नका. शॉक बसण्याची शक्यता हजारात एक असली तरी अर्थिंग करायचंच.

## टप्पा ३: धोक्यांची साखळी जोडा

यादीतला प्रत्येक धोका एकटा येतो असं धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वळीव आला की लाइनची वीज जाते. जनरेटर चालू करायला माणूस धावतो, तर तो सखल कोपऱ्यात पाण्यात उभा. अंधार झाला म्हणून सगळे एकाच दरवाजाकडे निघतात. पार्किंगमध्ये चिखलात दोन गाड्या रुतलेल्या, म्हणून रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. विधी लांबला म्हणून बासुंदी आणि पनीर दोन तास तसंच पडून. एका पावसाने पाच धोके उठवले.

वहीतल्या प्रत्येक ओळीला "यामुळे पुढे काय होईल?" असं विचारत बाण काढा. मग प्रत्येक पर्यायी सोयीला विचारा: मूळ व्यवस्था ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने ही पण बंद पडेल का? लॉनची वीज आणि जनरेटर एकाच ओल्या पॅनलवर असतील तर तुमच्याकडे जनरेटर आहे असं समजू नका. मंडप, लाइट आणि साउंड एकाच कंत्राटदाराकडे असेल आणि त्याची माणसं त्याच दिवशी दुसऱ्या कार्यात अडकली, तर तिन्ही एकदम अडकतात.

## टप्पा ४: कंत्राटदारांशी बोलताना नेमकं काय मागायचं

"वॉटरप्रूफ आहे ना?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" असंच येतं. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा.

छत. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ३० बाय २० मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पडला तर १२,००० लिटर, म्हणजे १२ टन. उतार असेल तर ते वाहून जातं. छत सपाट ताणलेलं असेल तर कापडाला झोळ पडतो. ३ मीटर लांब-रुंद झोळात सरासरी १० सेंटिमीटर पाणी साचलं तरी ९०० किलो होतात, आणि ते सगळं दोन-तीन बांबूंच्या बांधणीवर येतं. मंडपवाल्याला विचारा: उतार कुठल्या बाजूला, आणि पाणी पडणार कुठे? ते प्रवेशद्वारावर, रोहित्रावर किंवा लाइटच्या पॅनलवर पडणार नाही ना?

वारा आणि स्टेज. मागचा बॅकड्रॉप ही खरं तर एक मोठी शिडाची भिंत असते. २० मीटर लांब आणि ६ मीटर उंच बॅकड्रॉपवर ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर ढोबळमानाने १,४०० किलोइतका रेटा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून मागच्या बाजूला ताण दिलेले दोर, जमिनीत खोल ठोकलेल्या खुंट्या किंवा वजनाचे ठोकळे हवेत. बॅकड्रॉपचं कापड दहा मिनिटांत उतरवता येईल अशी बांधणी मागा. कापड गेलं की वारा सांगाड्यातून निघून जातो.

वीज. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ते विचारा आणि तिचं टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबायला लावा. झटक्यात ट्रिप झाली तरच ठीक. सगळे जोड जमिनीपासून वर. जनरेटर उंचवट्यावर, धूर मांडवाच्या उलट बाजूला, आणि चेंजओव्हर स्विच लावलेला. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

आचारी किंवा केटरर. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिले पाहिजेत. मेच्या उकाड्यात कोमट अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवायचं नाही. बासुंदी, श्रीखंड, दहीवडे, पनीर हे वाढायच्या वेळीच बर्फातून किंवा शेगडीवरून निघावेत. विधी लांबला तर तळण आणि पोळ्या थांबवायला त्यांना कोण सांगणार, ते आत्ताच ठरवा.

पैसे. कार्य हॉलमध्ये हलवलं किंवा एक दिवस पुढे गेलं, तर ॲडव्हान्सचं काय, हे लेखी घ्या. मोबाइलवरचा संदेशही चालेल, तोंडी शब्द मात्र पुरत नाही. विमा काढायचा विचार असेल तर तो लवकर काढा आणि कोणत्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही ते पान आधी वाचा.

## टप्पा ५: हवामानाचा अंदाज वाचायला शिका

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे चार रंगांत देतो: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. याशिवाय पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही येतो. "मौसम" ॲपवर हे बघता येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं (आयआयटीएम) "दामिनी" ॲप आपल्या आसपास वीज पडते आहे का ते दाखवतं. दोन्ही ॲप आठवडाभर आधी उतरवून घ्या आणि रोज बघायची सवय लावा.

लोक इथे तीन ठिकाणी फसतात.

"तुरळक ठिकाणी पाऊस" वाचून थोडाच पडेल असं समजतात. ते वर्णन किती भागात पडेल याचं आहे, किती जोरात पडेल याचं नाही. त्या क्षेत्रातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक म्हणतात. वळीव तुरळकच असतो, आणि ज्या लॉनवर पडतो तिथे होत्याचं नव्हतं करतो.

इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या लॉनचा नसतो. पुणे जिल्हा लोणावळ्यापासून बारामती-इंदापूरपर्यंत पसरलेला आहे. म्हणून रंग बघून ठरवायचं ते तयारीचं, आणि तीन तासांचा अंदाज, दामिनी व समोरचं आभाळ बघून ठरवायची ती हालचाल.

तिसरं, दहा-पंधरा दिवस आधीच मोबाइलवर ढगाचं चित्र बघून कुणीतरी घाबरतं, नाहीतर निश्चिंत होतं. इतक्या आधी संध्याकाळच्या वळवाचं काहीच सांगता येत नाही. चार-पाच दिवस आधीपासून बघायला सुरुवात करा.

## टप्पा ६: निर्णयाची वेळ उलटी मोजा आणि चिठ्ठी लिहा

बाकी काही जमलं नाही तरी हा टप्पा सोडू नका.

मुहूर्त ६:५० चा. हॉलमध्ये खुर्च्या, स्टेज, होमाचं साहित्य आणि जेवणाची मांडणी हलवायला तीन तास लागतात, म्हणजे ३:५०. पण बाहेरगावचे पाहुणे साडेतीनच्या सुमारास घर सोडणार, त्यांना त्याआधी निरोप जायला हवा. म्हणून ३:००. काहीतरी चुकणारच म्हणून एक तास राखीव. निर्णयाची शेवटची वेळ दुपारी २:००.

आता अडचण बघा. दोन वाजता ऊन रखरखीत असेल, आभाळ निळं असेल. त्या वेळी तीन तासांचा अंदाज पाचपर्यंतचंच सांगेल. साडेसहाला काय होईल ते तुम्हाला माहीत नसणार, आणि कुणालाच माहीत नसणार. तरीही ठरवावं लागेल. म्हणून कशावरून ठरवायचं ते आठवडाभर आधी, डोकं शांत असताना लिहून ठेवायचं. त्या दिवशी फक्त चिठ्ठी वाचायची.

चिठ्ठी अशी असावी:

> दुपारी २:०० वाजता. जिल्ह्याला वादळी वाऱ्याचा केशरी किंवा लाल इशारा असेल, तर विधी आणि जेवण हॉलमध्ये. पिवळा असेल तर विधी हॉलमध्ये, जेवण लॉनवर. इशारा नसेल तर सगळं लॉनवर.
>
> संध्याकाळी ५:०० नंतर. दामिनीवर आपल्या भागात वीज दिसली, किंवा वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर सगळे पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी बाहेर नाही.
>
> वारा. लहान झाडं हेलकावू लागली की स्टेज रिकामं, बॅकड्रॉप खाली. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारा शिट्टी घालू लागल्या की मांडव रिकामा.
>
> सांगणार: धाकटे मामा. ते नसतील तर आतेभाऊ. त्यांनी सांगितल्यावर चर्चा नाही.

मामाच का? कारण वधूपिता त्या दिवशी व्याह्यांच्या मानपानात आणि विधीत गुंतलेला असतो, आणि दीड वर्ष मनात रंगवलेलं लॉन सोडायला त्याचं मन घेत नाही. त्याच्यावर हा भार टाकणं अन्यायाचं आहे. ज्याचा जीव सजावटीत अडकलेला नाही, ज्याचं दोन्हीकडची माणसं ऐकतात आणि जो फोन उचलतो, असा माणूस निवडा. साखरपुड्याच्या किंवा केळवणाच्या जेवणात दोन्ही घरांसमोर ही चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा. वरपक्षाला ती आधी माहीत असेल तर ऐन वेळी "आमचा अपमान झाला" असं होत नाही.

हॉलमध्ये गेलात आणि संध्याकाळी टिपूस पडला नाही, तर टोमणे येतील. तरी निर्णय चुकला असं मानू नका. दोन वाजता जेवढं कळू शकत होतं, त्यावर तो बरोबर होता. उलट, केशरी इशारा असताना लॉनवर कार्य केलं आणि नशिबाने पार पडलं, तर तो निर्णय चुकीचाच होता.

तपासा: हॉल खरोखर तुमच्या नावावर राखून ठेवला आहे का? किल्ली कोणाकडे आहे? कार्याच्या आदल्या दिवशी एकदा दार उघडून, पंखे लावून बघा.

## टप्पा ७: कार्याच्या दिवशी

सकाळी मामा, मंडपवाला, लाइटवाला आणि केटररचा मुख्य माणूस यांना पाच मिनिटं एकत्र उभं करा. चिठ्ठी वाचा. मेन स्विच कोण बंद करणार, त्याचं नाव तिथेच ठरवा. दोन्ही दरवाजे उघडे आहेत का ते स्वतः चालत जाऊन बघा.

108 ची रुग्णवाहिका आत येऊन वळेल एवढी वाट पार्किंगमध्ये दोरी लावून मोकळी ठेवा. गावाबाहेरची लॉनं पटकन सापडत नाहीत, म्हणून फोन केल्यावर हमरस्त्याच्या फाट्यावर एक माणूस उभा राहील असं ठरवा.

दिवसाचं कार्य असेल तर पाणी आणि ओआरएस खुर्च्यांपर्यंत पोहोचवा. म्हातारी माणसं उठून काउंटरवर जात नाहीत. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा आणि 108 ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

सावधान: छतात पाणी साचलं तर खालून बांबूने ढोसू नका. ते पाणी थेट वायरींवर आणि माणसांवर येतं. आधी मेन बंद, मग मांडव रिकामा, मग मंडपवाल्याची माणसं कडेने दोर सैल करून पाणी काढतील.

सावधान: विजा चमकत असताना मांडव हा आसरा नाही. लोखंडी ट्रस (लाइट आणि स्टेजचा सांगाडा) आणि खांबांपासून लांब, पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत बसा. झाडाखाली कुणालाही उभं राहू देऊ नका.

विधी तासाभराहून जास्त लांबला तर मोठ्या मंडळींसाठी आणि मुलांसाठी जेवण आधी सुरू करा. अक्षता पडेपर्यंत थांबण्याची रीत असली तरी अन्न थांबत नाही, आणि मधुमेहाची माणसंही थांबू शकत नाहीत.

## टप्पा ८: पाठवणीनंतर

पाहुणे गेले की घरचे निवांत होतात आणि मंडपवाल्याची माणसं अंधारात, दमलेल्या अंगाने, घाईघाईत सोडायला लागतात, कारण सकाळी दुसरीकडे बांधायचं असतं. शॉक आणि पडझडीचा धोका तेव्हाही तेवढाच असतो. मामांनी अजून तासभर थांबावं. सगळे कनेक्शन बंद करून लाइटवाल्याने "बंद" म्हटल्यावरच ट्रसला हात लावू द्यावा, एका कोपऱ्यात जनरेटरवर उजेडाचा एक दिवा वेगळा चालू ठेवावा, आणि उरलेलं कोमट अन्न गाडीत भरून वाटायला पाठवू नये. आधीपासून गरम किंवा थंड ठेवलेलं असेल तेवढंच द्यावं. काम करणाऱ्या पोरांना जेवायला बसवूनच घरी निघावं.